पाचवा रिकामा शब्द

१

चौथी पेटी उघडली तेव्हा चष्म्याच्या दुकानात दोनच बायका होत्या, आणि त्यातल्या एकीच्या डोळ्यांत नुकतेच थेंब घातल्यामुळे तिला समोरची भिंतसुद्धा धड दिसत नव्हती.

“चार वाजून दहा,” दुकानवाली ताई म्हणाली. “बाई, बघा ना. उघडली.”

“माझ्या डोळ्यांत औषध तूच घातलंस आणि वर बघा म्हणतेस. काय उघडलं ते तोंडाने सांग.”

बाईंचं बोलणंच तसं. एकतीस वर्षं त्यांनी कोर्टांसाठी खोट्या सह्या ओळखल्या होत्या. मृत्युपत्रं, खरेदीखतं, निनावी पत्रं, सगळं भिंगाखालून गेलं होतं. निवृत्त झाल्या तरी सवय सुटली नव्हती. माणूस काय लिहितो यापेक्षा काय लिहायचं टाळतो, तिकडे त्यांची नजर आधी जायची.

ताईने सांगायला सुरुवात केली. तिचा धाकटा भाऊ, जो तिच्या तोंडी कायम ‘धाकटा’च होता, तीन सोबत्यांबरोबर एक संगणकी नाणं चालवायचा. जगभरातले काही हजार लोक आपापल्या संगणकावर एकच वही ठेवतात, आणि कुठल्या पेटीत किती नाणी आहेत ते त्या वहीत कुणीही वाचू शकतं. पेटी म्हणजे खरी पेटी नव्हे, वहीतली नोंद. तिला कुलूप असतं, आणि किल्ली फक्त मालकाकडे. धाकट्याच्या सात पेट्या होत्या. चौदा महिन्यांपूर्वी एका दुपारी तो तलावावर होडी घेऊन गेला. धुकं उतरलं. होडी आपली आपण काठाला लागली, आत एक वल्हं आणि त्याचा चष्मा. तो काही सापडला नाही.

“आणि शुक्रवारपासून रोज एक पेटी उघडतेय,” ताई म्हणाली. “रोज चार-दहाला. तो चार वाजता चहा प्यायचा, चार-दहाला कामाला बसायचा आणि दिवसाला एकच काम उरकायचा. कपाळावर घड्याळ असल्यासारखा.”

“नाणी गेली?”

“एकही नाही. जुन्या पेटीतून निघून नव्या पेटीत जाऊन बसलीत. नुसती.”

हे बाईंना आवडलं नाही. चोर काहीतरी नेतो, वेडा काहीतरी मोडतो. इथे कुणीतरी बंद घरात शिरून सामान फक्त या खोलीतून त्या खोलीत ठेवत होतं.

गल्ल्याखालच्या खणात कोर्टाचा अर्ज पडून होता: भावाला मृत घोषित करावं म्हणून. वकिलाने तीनदा आठवण केली होती, ताईने सही केली नव्हती.

“किल्ली त्याच्याशिवाय कुणाकडे नाही,” ती हळूच म्हणाली. “भुताला किल्ली लागत नाही, बाई. जिवंत माणसाला लागते. आज सकाळी मी त्याची गादी उन्हात टाकली.”

बाईंना अजून नीट दिसत नव्हतं. पण त्या आवाजातला आनंद त्यांनी ऐकला आणि त्यांच्या अंगावर काटा आला.

२

मंगळवारी ताईच्या वतीने बाई नाण्याच्या ऑफिसात गेल्या; ते एका बंद पडलेल्या छापखान्याच्या वरच्या मजल्यावर होतं. जिन्यात अजून शाईचा वास होता. चार टेबलं, तीन माणसं. चौथ्या टेबलाची खुर्ची आत सरकवलेली, वर धूळ नाही, म्हणजे कुणीतरी पुसत असावं.

तिघांत वडीलधारे मास्तर. पूर्वी गणित शिकवायचे, आता नाण्याचे नियम राखायचे. त्यांच्या मान्यतेशिवाय नियमावलीत एक अक्षर बदलत नसे.

“कुलूप म्हणजे चार-सहा शब्दांची अट,” त्यांनी बाईंना समजावलं. “अमक्याची सही असेल तर उघड, असली. संगणक एकेक शब्द वाचतो आणि शेवटी हो म्हणतो किंवा नाही. सुरुवातीला आम्ही दहा शब्द रिकामे ठेवले. काहीच न करणारे. संगणक ते वाचतो आणि पुढे जातो.”

“काहीच करत नाहीत तर ठेवले कशाला?”

“घर बांधताना भिंतीत रिकामी नळी ठेवतो ना, पुढे वायर ओढायला? तसं. आता पाचव्या नळीतून वायर ओढतोय. शुक्रवारी दुपारी बाराला आम्ही तिघांनी हिरवा कंदील दाखवला की पाचवा शब्द काम करू लागेल. तो विचारेल, या पेटीतलं नाणं कुठे जायचं ते आधी लिहून ठेवलंय का? तिथेच जात असेल तर ठीक, नाहीतर नाही. चोराला किल्ली मिळाली तरी नाणं भलतीकडे जाणार नाही.”

“उत्तम. आणि जुन्या कुलपात कुणी सहज म्हणून पाच लिहून ठेवला असेल तर?”

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. “तर ते कुलूप ठिकाणा शोधेल. ठिकाणा लिहिलेलाच नाही. मग पेटी कायमची बंद. खरी किल्ली हातात असूनही. ताईच्या भावाचा हाच आक्षेप होता.”

“उलटं होईल का? नव्या नियमामुळे बंद पेटी आपोआप उघडेल?”

“छे! नवा नियम जास्त कडक होऊ शकतो, सैल नाही. जुने संगणक ज्याला नाही म्हणतात त्याला नव्यांनी हो म्हटलं, तर अर्धं जग एक वही धरेल आणि अर्धं दुसरी. शिवाय नियम अजून लागूही नाही. कुणीतरी खऱ्या किल्लीने उघडतंय, बाई.”

मग त्यांनी त्या शेवटच्या बैठकीचं सांगितलं, आणि सांगताना बाईंकडे बघायचं टाळलं. भाऊ म्हणाला, पाच वापरलेला आहे. ऑफिसातल्या चाचणीवालीने सगळी वही चाळली होती, तिच्या अहवालात आकडा होता शून्य. भाऊ म्हणाला, बंद पेटीचं कुलूप वहीत दिसतच नाही, दिसतो फक्त त्याचा ठसा. शब्द कळतात ते पेटी उघडल्यावर.

“आम्ही म्हटलं, मग तुझी एक उघडून दाखव. तो म्हणाला, नाही दाखवणार. दाखवली की तुम्ही म्हणाल, हे एकट्या ह्याचं आहे, हा हलवेल आपल्या पेट्या. ज्यांनी पेटी लावून ठेवली आणि तुमच्या सूचना कधी वाचणारच नाहीत, त्यांचं काय? न दिसणाऱ्यांसाठीच तर नियम जपायचा.” मास्तरांनी टेबलावरचे कागद सारखे केले. “मी सगळ्यांसमोर हसलो, बाई. म्हटलं, पुरावा दाखवणार नाही आणि विश्वास ठेवा म्हणतोस, तू देवळात जा. तो उठून गेला. त्याच दुपारी तलावावर.”

त्यांनी चार कागद पुढे केले. उघडलेल्या चारही कुलपांचे शब्द. प्रत्येकाच्या सुरुवातीला तेच: पाच, पाच, मग सहीची अट.

“दोनदा?”

“त्याची खूण. कारागीर लाकडाच्या मागच्या बाजूला करतो तशी. आम्हालाही आत्ता कळली. अकरा वर्षांपासूनची कुलपं आहेत ही. तो बरोबर होता.”

“आणि नव्या पेट्यांची कुलपं?”

“उघडल्याशिवाय दिसत नाहीत. पण उघडणाऱ्याने प्रत्येक हलवणीबरोबर वहीत एक जाहीर ओळ लिहिलीय, नवं कुलूप: फक्त सही. त्या ओळीचा ठसा काढून पेटीच्या ठशाशी ताडून पाहिला, जुळतो.”

किल्लीचं विचारल्यावर मास्तरांनी तिजोरी उघडली. इथे लिफाफ्यांची प्रथा होती. किल्ली म्हणजे बारा शब्द. प्रत्येकजण आपले बारा शब्द कागदावर लिहून, बंद करून, दुसऱ्याकडे ठेवायचा, मेल्यावर उघडण्यासाठी. भावाचा लिफाफा मास्तरांकडे होता. बाईंनी भिंग काढलं. डिंक एकदाच लागलेला, जोडावरची सही अस्सल, शाई कागदात मुरलेली. लिफाफा कुणीही उघडला नव्हता. शपथेवर सांगितलं असतं.

तेवढ्यात चौथ्या टेबलावरचा दिवा लागला. माणूस जवळ आला की लागणारा तो दिवा होता. जवळ कुणीच नव्हतं.

“लागतो अधूनमधून,” मास्तर खालच्या आवाजात म्हणाले. “आम्ही तिकडे बघत नाही.”

बाईंनी घड्याळ पाहिलं. चार वाजून दहा मिनिटं झाली होती, आणि मास्तरांच्या पडद्यावर पाचवी पेटी उघडी पडली होती.

३

बुधवारी बाईंनी उरलेल्या दोघांना गाठलं.

इंजिनिअर म्हणजे नव्या शब्दाचा बाप. तीन वर्षं त्याने त्या एका शब्दावर घालवली होती आणि ती त्याच्या डोळ्यांखाली दिसत होती. बोलणं तोडून टाकल्यासारखं.

“मॅडम, कोण उघडतंय ते मला माहीत नाही आणि खरं सांगू, पर्वा नाही. पाच वापरणारा एक माणूस होता, त्याने पेट्या हलवल्या. प्रश्न मिटला. उद्या सातवी हलली की परवा आम्ही मोकळे.”

“म्हणजे तुमच्या मते तो जिवंत आहे?”

इंजिनिअर पहिल्यांदा अडखळला. “मी तलावावर गेलो होतो शोधायला. चार दिवस. पाणी किती गार होतं तुम्हाला सांगू?” मग लगेच सावरून, “पण किल्ली तर फिरतेय.”

“लिफाफे कितीदा लिहिता?”

“दरवर्षी. ऑफिसच्या वाढदिवशी. नवे कागद, नवे लिफाफे, जुने यंत्रात घालून भुगा.”

“आणि बारा शब्दही नवे?”

तो हसला. “नाही हो. शब्द तेच. ते बदलले तर सगळ्या पेट्या हलवाव्या लागतात, कोण करणार? कागद जुना होतो म्हणून नवा लिहायचा, इतकंच. तो होता त्या शेवटच्या वर्षी तर यंत्रही अडकलं होतं. जुने लिफाफे तसेच पिशवीत भरले. पुढे काय झालं विचारू नका, मला गाडी गाठायची होती.”

चाचणीवाली खिडकीजवळ बसायची. दुसऱ्याने केलेलं मोडून बघणं हा तिचा धंदा, पण स्वभावाने मात्र मऊ. तिने बाईंसाठी चहा केला, खुर्चीवर उशी ठेवली, आणि चौथ्या टेबलावरची न साचलेली धूळ फडक्याने पुसली. ती पुसते हे बाईंनी बघून ठेवलं.

“शून्य मीच लिहिलं होतं,” ती स्वतःच म्हणाली. “वहीत दिसेना, म्हणून शून्य. तो मला म्हणाला होता, जे दिसत नाही ते शून्य कसं? मी उत्तर दिलं नाही. आता नवा अहवाल लिहिलाय. वापरणारा एक, त्याने स्वतःहून पेट्या हलवल्या, उरले शून्य.”

“तुम्हाला काय वाटतं? तो आहे?”

तिने चहाचा कप दोन्ही हातांत धरला. “ताईंना तसं वाटतं का?”

“गादी उन्हात टाकलीय तिने.”

चाचणीवालीने कप खाली ठेवला. तिचे ओठ पांढरे पडले होते. “मला माहीत नव्हतं त्या वही बघतात,” ती म्हणाली, आणि कामाचं निमित्त काढून उठली.

बाई भिंतीपाशी गेल्या. तिथे चाचण्यांचे कागद टाचलेले होते, तारखांनिशी. नवा शब्द लागू झाल्यावर कुठलं कुलूप कसं वागेल याची यादी. बाईंनी सवयीने तीन आठवड्यांपूर्वीचा एक कागद आपल्या टिपणवहीत उतरवून घेतला. क्रमांक एकोणचाळीस: पाच एकटाच. चाळीस: सही, मग पाच. एकेचाळीस: पाच, पाच, मग सही, निकाल, बंद. बेचाळीस: रिकामं कुलूप.

चार-दहाला सहावी उघडली. या वेळी दिवा लागला नाही, आणि कुणास ठाऊक का, बाईंना ते जास्त भीतिदायक वाटलं.

४

गुरुवारी बाईंनी त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात साधा सापळा लावला. पावणेचारला तिघांना एका टेबलाभोवती बसवलं. फोन टोपलीत, संगणक बंद, हात टेबलावर. फक्त भिंतीवरचा मोठा पडदा चालू, आणि त्यावर वही.

“यातलं कुणी असेल तर आज पेटी उघडणार नाही,” त्यांनी सांगून टाकलं.

“आणि उघडली तर?” इंजिनिअरने विचारलं.

बाईंनी मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. खाली बंद छापखान्यात कुठेतरी पाण्याचा नळ ठिबकत होता. चाचणीवाली टेबलाच्या लाकडाकडे बघत होती, इंजिनिअर पडद्याकडे. चार वाजले. कुणी चहा मागितला नाही. पाच मिनिटं, सात, नऊ.

चार-दहाला सातवी पेटी उघडली.

मास्तरांच्या तोंडून आवाज निघाला तो माणसाचा वाटला नाही. इंजिनिअर उभा राहिला आणि त्याची खुर्ची मागे पडली. “हात टेबलावरच होते आमचे! बघितलंत ना, सगळ्यांचे होते!” आणि त्या गलक्यात चौथ्या टेबलावरचा दिवा शांतपणे लागला.

टोपलीत बाईंचा फोन वाजत होता. ताई होती. हसत होती की रडत होती, तिचं तिलाही कळत नसावं.

“सातही झाल्या, बाई! तो आहे. रागावलाय म्हणून येत नाही, पण आहे. मी दार लोटूनच ठेवलंय. आणि तो कोर्टाचा अर्ज आता फाडून टाकते बघा.”

“थांब,” बाई म्हणाल्या. “अगं, माझ्यासाठी एक दिवस थांब.”

फोन ठेवल्यावर त्यांना प्रथमच आपल्या वयाची जाणीव झाली. सापळा फसला होता. आणि त्याहून वाईट म्हणजे, क्षणभर त्यांनाही वाटलं होतं की दाराशी कुणीतरी ओल्या कपड्यांनी उभं आहे.

५

त्या जिना उतरल्या नाहीत. मास्तर आणि इंजिनिअर उतरून गेले तरी पायरीवर बसून राहिल्या, शाईच्या वासात, आणि त्यांनी आपली टिपणवही उघडली.

आधी स्वतःला रागावून घेतलं. सही करणं आणि पत्र टपालात टाकणं या दोन वेगळ्या गोष्टी. पुढची तारीख घातलेला चेक लिहिणारा त्या तारखेला बँकेत हजर असायला लागत नाही. कुणीतरी एकाच बैठकीत सातही सह्या करून ठेवल्या आणि रोज चार-दहाला एक पाठव असं संगणकाला सांगितलं. मग हात टेबलावर असले काय आणि नसले काय!

मग खोट्या सह्यांचा विचार केला. नक्कल करणारा सगळं उचलतो. वळणं, झटके, टिंबं, अगदी मूळ माणसाची चूकसुद्धा. इथेही तसंच होतं. चार-दहाची वेळ त्याची. रोज एकच काम, हीही चाल त्याचीच. पण अकरा वर्षं प्रत्येक कुलपावर काढलेली खूण नव्या कुलपावर नव्हती. स्वतः तो असता तर पाच सोडून दुसरा रिकामा शब्द घेतला असता, खूण केलीच असती. ज्याने सगळ्या सवयी जपल्या त्याने नेमकी एकच का टाकली? कारण शुक्रवारनंतर तीच एक गोष्ट नडणार होती. म्हणजे हे ज्याने केलं त्याला पेट्या वाचवायच्या होत्या, आणि पाच त्यांच्यात आहे हे त्याला पेट्या उघडण्याआधीपासून माहीत होतं.

बाईंनी पान उलटलं. एकेचाळीस. त्यांनी ती ओळ दोनदा वाचली आणि उठल्या.

चाचणीवाली एकटीच होती, खिडकीशी. बाईंनी दार लावून घेतलं.

“तीन आठवड्यांपूर्वी तू पाच, पाच, मग सही असं कुलूप तपासलंस. पहिली पेटी उघडली गेल्या शुक्रवारी. तोवर वहीत फक्त ठसा होता. ही दोनदा पाचची खूण तू कुठे पाहिलीस?”

चाचणीवाली भिंतीवरच्या त्या कागदाकडे वळली.

“त्याने जिवंतपणी दाखवली असती तर तू शून्य लिहिलंच नसतंस, एवढी तू सरळ आहेस. मास्तरांकडचा लिफाफा कोरा करकरीत. पण तुम्ही लोक दरवर्षी कागद बदलता, शब्द बदलत नाही. नव्या लिफाफ्याला तिजोरी आणि जुन्याला पिशवी. यंत्र अडकलं त्या वर्षीची पिशवी कुणी नेली?”

“मी,” ती म्हणाली. आवाज स्वच्छ होता, बोलायची वाटच बघत असल्यासारखा. “घरी जाळते म्हणाले. जाळलेही. त्याचा तेवढा ठेवला. तेव्हा तो जिवंत होता, बाई, मी तो उघडायला ठेवला नव्हता. नुसतं त्याचं अक्षर म्हणून ठेवला. मी त्याला कधी काही बोलले नव्हते. तोही नाही.”

“मग उघडलास कधी?”

“महिन्यापूर्वी. वर्ष उलटून गेलं होतं. त्याने काहीतरी लिहिलेलं वाचावंसं वाटलं. आत बारा शब्द आणि खाली सात कुलपं. पाच, पाच. माझं शून्य माझ्यासमोर खोटं ठरलं. चाचणी लावून बघितली: बंद. शुक्रवारनंतर सातही पेट्या कायमच्या मेल्या असत्या.”

“तर सांगायचं होतंस. मास्तरांना, सगळ्यांना.”

“काय सांगू? जिवंत की मेला ठरलं नाही त्या माणसाचा लिफाफा मी फोडला? की माझ्या अहवालावर विसंबून तुम्ही त्याला हसलात, तो उठून गेला आणि...” तिला पुढे बोलवेना. मग ती म्हणाली, “एकदम हलवल्या असत्या तर चोरी वाटली असती. त्याची वेळ घेतली. चार-दहाला मी पडद्यासमोर बसायचे आणि घटकाभर तो शेजारी काम करतोय असं वाटायचं. ताई बघत असतील हे डोक्यातच आलं नाही. काल तुम्ही गादीचं बोललात, तेव्हा सातवी थांबवायला गेले. पण थांबवली असती तर ती पेटी गेली असती.”

बाईंना तिची दया आली आणि रागही आला, दोन्ही एकदमच. “नाणी वाचवलीस खरी,” त्या म्हणाल्या. “पण त्याने मरेपर्यंत एक गोष्ट केली नव्हती. पेट्या उघडून दाखवल्या नव्हत्या. तू त्या उघडल्यास, आणि त्याचा नकार होता तिथे त्याच्याच नावाने होकार लिहिलास. चोरी झालीय, नाण्यांची नाही इतकंच.”

चाचणीवाली तोंड झाकून रडू लागली.

६

शुक्रवारी सकाळी दहाला ताई ऑफिसात आली. नवी साडी नेसली होती. हातात डबा होता, आणि तो कुणासाठी आहे हे कुणी विचारलं नाही.

बाईंनी तिला समोर बसवलं आणि आडवळणं न घेता सांगितलं. लिफाफा, कुलपं, आधी करून ठेवलेल्या सह्या. शेवटी तिने एवढंच विचारलं, “म्हणजे तो नाही.”

“पेट्या उघडल्या म्हणून तो आहे असं म्हणता येत नाही,” बाई म्हणाल्या. मग त्यांना स्वतःचीच लाज वाटली, कारण हे कोर्टातलं उत्तर होतं. त्यांनी ताईचा हात धरला. “नाही गं. तो नाही.”

मास्तर उठले. म्हातारा माणूस एका रात्रीत आणखी वाकला होता. त्यांनी भिंतीवरच्या पडद्यावर चौदा महिन्यांपूर्वीचा आक्षेप लावला. त्याच्यापुढे त्यांच्याच हातचा शेरा होता: पुरावा नाही, निकाली. तो त्यांनी पुसला.

“पुरावा आहे,” ते म्हणाले. “आणि त्याच्या सात पेट्या सोडून आणखी किती बंद पेट्यांत पाच आहे ते आपल्यापैकी कुणालाही दिसत नाही. अहवालातलं शून्य जुनंही खोटं आणि नवंही. माझा हिरवा कंदील नाही.”

सगळ्यांनी इंजिनिअरकडे पाहिलं. तीन वर्षं त्याची होती. तो पडद्याकडे बघत राहिला, जबडा आवळून.

“शब्द पाच राहू दे रिकामा,” तो अखेर म्हणाला. “पेटीची नवी जात काढू. नवा शब्द फक्त तिच्यातच चालेल, जुन्या पेट्यांना हात लागणार नाही. वर्ष जाईल आणखी.” आणि मग, कुणाकडेही न बघता, “हे त्यानेच सुचवलं होतं त्या बैठकीत. मी ऐकून घेतलं नाही.”

बारा वाजले आणि काही झालं नाही. जगभरातले काही हजार संगणक जुन्याच नियमाने वही लिहीत राहिले.

ताई चौथ्या टेबलापाशी गेली. दिवा लागला, या वेळी तिच्यासाठी. चाचणीवाली कोपऱ्यात उभी होती, शिक्षा ऐकायला उभी राहावी तशी. ताई तिच्याकडे वळली.

“सात दिवस मी दोघांचा स्वयंपाक केला,” ती म्हणाली. “रोज चार-दहाला देवाला हात जोडले. तुला कल्पना आहे?”

“ताई, मी...”

“बोलू नकोस. मला तुझ्या कानाखाली द्यावीशी वाटतेय आणि मी देणार नाही, कारण मग मी थांबणार नाही.” तिचा श्वास लागला. ती त्याच्या खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली. मग तिने विचारलं, “तुला आवडायचा तो?”

चाचणीवालीने मान डोलावली.

“त्याला माहीत होतं?”

“नाही.”

ताई त्या एका शब्दावर रडली. चौदा महिन्यांत पहिल्यांदा, सगळ्यांसमोर, आवाज करून. बाईंनी तिला अडवलं नाही. मास्तर खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. रडून झाल्यावर तिने पदराने तोंड पुसलं, पिशवीतून कोर्टाचा अर्ज काढला, टेबलावर ठेवून सही केली आणि तो बाईंकडे दिला.

मग ती डबा उचलून दाराशी गेली आणि तिथे थांबली.

“त्याच्या खोलीतलं सामान आवरायचंय,” ती चाचणीवालीला म्हणाली. “कपडे, पुस्तकं, सगळं. मला एकटीला ते जमणार नाही, आणि ज्यांना तो नुसता ओळखीचा होता अशांचे हात मला त्या सामानाला लावायचे नाहीत. तू ये.”

“कधी?”

“आत्ता. दुकान बंद ठेवलंय मी.”